सुरतेचा कापूस : शेत, काचेची नळी आणि जिवंत पेशी

सुरत म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी चटकन आठवतात. पहिली अर्थातच शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात केलेली स्वारी. दुसरी म्हणजे १९०७ च्या डिसेंबरातले काँग्रेसचे अधिवेशन, जिथे जहाल आणि मवाळ यांची फूट पडली आणि लोकमान्य टिळक एका बाजूला झाले. आम्हा गोमंतकीयांच्या इतिहासात आणखी एक धागा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे बंदर जाळले, आणि पुढे सुरतेच्या दक्षिणेला असलेल्या दमणशी आपले प्रशासकीय नाते थेट १९८७ पर्यंत टिकले.

या सगळ्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. सुरतेचा आणखी एक इतिहास मात्र आपल्या वाचनात फारसा येत नाही, आणि तो आहे कापसाचा. मी शास्त्रज्ञ नव्हे, इतिहासाचा वाचक आहे. पण हा इतिहास वाचता वाचता मी एका शेतातून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून थेट वनस्पतीच्या पेशीत जाऊन पोहोचलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात थोडी मागून करू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. म्हणजे गावाचे नाव मालाला चिकटले होते. पण हे नाव काही कौतुकाने घेतले जात नसे. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, त्यात गाठोड्यात माती आणि पाला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस बंद झाला आणि गिरण्यांना या ‘सुरती’वर दिवस काढावे लागले. सूत सारखे तुटे आणि मजुरी कापली जाई. “देवा, कापूस पाठव, पण सुरती नको,” अशी प्रार्थना तिथल्या कामगारांनी केल्याची आठवण सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, त्या काळच्या सुरती कापसाची किंमत तीतून नेमकी कळते.

ब्रिटिश सरकारला ही अडचण ठाऊक होतीच. १८९६ साली सुरतेच्या अठवा भागात कापसाचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये होईपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, ती मुंबईच्याच कारभाराखाली राहिली. तेव्हा हे क्षेत्र आपल्याही इतिहासाचा भाग आहे असे म्हणायला हरकत नाही. निवड करून करून देशी कापसाचे सुधारलेले वाण काढायचे, हे तिथले अनेक वर्षांचे काम. आज हे केंद्र नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे.

याच अठवा फार्मवर १९७० साली एक अशी गोष्ट सिद्ध झाली, की कापसाच्या जगात सुरतेचे नाव पुन्हा एकदा घेतले जाऊ लागले, आणि या वेळी मानाने. डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘गुजरात-६७’ हे वाण मादी म्हणून आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ (म्हणजे मधुग्रंथी नसलेले) हे नर म्हणून घेऊन त्यांचा संकर केला. त्याचे नाव ‘हायब्रिड-४’, म्हणजेच ‘एच-४’. जगात व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला कापसाचा हा पहिला संकर! दोनच वर्षांनी, १९७२ साली, आपल्या शेजारच्या धारवाडला डॉ. कटारकी यांनी ‘वरलक्ष्मी’ हा दोन वेगळ्या जातींचा संकर आणला. एच-४ तर गुजरातची हद्द ओलांडून महाराष्ट्रातही दूरवर पसरला. गंमत अशी की गुजरातीतला ‘संकर’ बाजारात जाता जाता ‘शंकर’ झाला. पुढच्या काळातला ‘शंकर-६’ तर कापसाच्या निर्यातीत एक प्रमाणित नावच होऊन बसला आहे. महादेवाचा तिथे काही संबंध नाही!

संकरित बियाण्याचे फायदे जगाला आधीपासून माहीत होते. मक्यात तो प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच झाला होता. मग कापसात इतका उशीर का? कारण कापसाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही नांदतात. संकर हवा असेल तर प्रत्येक फुलाचे पुंकेसर ते फूल उमलण्याआधी काढून टाकायला हवेत. हे काम यंत्राने होत नाही. दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची आणि आतल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. वर कागदाचे किंवा प्लॅस्टिकचे टोपण घालायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे ताजे फूल घेऊन त्याचे पराग त्या कुक्षीवर टेकवायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. असे एक फूल, दोन फुले, हजारो फुले. पाश्चात्त्य देशांत मजुरी महाग, म्हणून तिथे हे परवडणारे नव्हते. सुरतेत ते परवडले. या संकराचा पाया शास्त्रज्ञाच्या कल्पकतेइतकाच बायकांच्या आणि कोवळ्या मुलामुलींच्या स्वस्त बोटांवर उभा होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. इतिहासाच्या पुस्तकांत ही बोटे सहसा दिसत नाहीत.

आता खरा प्रश्न. एच-४ आपल्या आईबापांपेक्षा सरस का ठरला? याचे उत्तर १९७० साली अठवा फार्मवर कोणाकडेच नव्हते, आणि तशी गरजही नव्हती. शेतात उभे राहून बोंडे मोजली की झाले. पैदासकार झाडाला बाहेरून वाचतो. आतला मजकूर कोणी लिहिला, कोणी खोडला, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पण पुढे अशी वेळ आली, की त्या आतल्या मजकुरावर शेतकऱ्याचे नशीब अवलंबून राहू लागले. त्याकडे मी नंतर येतो.

आधी कापसाच्या धाग्याविषयी एक आश्चर्य सांगितले पाहिजे. आमच्या गोव्यात कापूस पिकत नाही. आमच्या ओळखीचा तो सावरीचा कापूस, उशीत भरायचा. देवघरातल्या वातींचा कापूस मात्र घाटावरून यायचा, आणि त्यातली सरकी काढता काढता आजीच्या गप्पा रंगायच्या. हे दोन्ही कापूस दिसायला सारखे, पण जन्माने वेगळे. सावरीचे तंतू फळाच्या आतल्या सालीवर उगवतात, तर खऱ्या कापसाचे तंतू बीच्या, म्हणजे सरकीच्या, कातडीवर. आणि त्यातला प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते! फूल उमलते त्या दिवशी कोवळ्या बीच्या पृष्ठभागावरच्या काही पेशी, साधारण चौथा हिस्सा, फुगून वर येतात. पुढच्या अडीच-तीन आठवड्यांत त्यांतली एकेक पेशी इंचभर लांब होते. मग आतून सेल्युलोजचे थर चढतात, बोंड फुटते, पेशी मरते आणि चपटी होऊन पिळली जाते. आपण वात वळतो तेव्हा आपल्या बोटांत अशा हजारो मेलेल्या पेशी असतात.

शेजारशेजारच्या चार पेशी. चौघींत डीएनए तोच, अक्षरशः तोच. मग एक तंतू होते आणि तिघी नुसती कातडी राहतात, हे कसे? उत्तर असे की डीएनए ही पोथी आहे, आणि पोथी कुठे उघडायची हे ठरवणारे कोणीतरी लागते. हे काम काही प्रथिने करतात. ती डीएनएवरच्या ठराविक जागी जाऊन बसतात आणि पुढचे जनुक चालू किंवा बंद करतात. त्यांना आपण नियामक प्रथिने म्हणू. जीवाणूंत अशी व्यवस्था असली पाहिजे, असा तर्क फ्रान्सच्या जाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडला. १९६६ साली गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी तसे एक प्रथिन प्रत्यक्ष वेगळे करून दाखवले. वनस्पतींची पाळी आली १९८७ साली. मक्याच्या दाण्याचा जांभळा रंग ठरवणारे एक जनुक जर्मनीत वाचले गेले, तेव्हा ते ‘मिब’ नावाच्या कुळातल्या नियामक प्रथिनाचे निघाले. हे कूळ लक्षात ठेवावे, कारण ते पुढे कापसात भेटणार आहे.

जनुकांच्या जागा शोधण्याच्या या इतिहासात गोमंतकीय वाचकाला सुखावणारे एक नाव आहे. १९०७ सालीच, ज्या वर्षी सुरतेत काँग्रेस फुटली त्या वर्षी, गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी! इतिहासकार म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. पण पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना १९४३-४४ च्या सुमारास त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. पिढीतून पिढीत जाताना दोन जनुकांची जी अदलाबदल होते, तिच्या प्रमाणावरून त्या जनुकांमधले अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात आहे. जगभरच्या वनस्पतींचे जनुक-नकाशे काढताना, आणि त्यांत कापूसही आला, ‘कोसंबी फलन’ आजही वापरले जाते. धर्मानंदांनी पाली ग्रंथांचा माग काढला, मुलाने जनुकांचा. असो.

नकाशा म्हणजे घर कुठे आहे ते. घरात या क्षणी कोण बसले आहे, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या पद्धती लागल्या, आणि त्यांची कहाणी मला फार उद्बोधक वाटते.

पहिल्या पद्धती काचेच्या नळीतल्या. १९७८ साली ‘पाऊलखुणां’ची पद्धत आली. डीएनएचा तुकडा घ्यायचा, त्यावर प्रथिन बसू द्यायचे आणि मग डीएनए कुरतडणारे विकर सोडायचे. जिथे प्रथिन बसले आहे तेवढा भाग कुरतडला जात नाही. ओल्या अंगणात पाट मांडून ठेवावा आणि उचलल्यावर खाली कोरडा चौकोन दिसावा, तसे हे. १९८१ साली आणखी सोपी पद्धत आली. जेलीसारख्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने डीएनए पळवायचा. त्यावर प्रथिन बसलेले असेल तर ओझ्यामुळे तो मागे पडतो. मागे पडला, म्हणजे जोडी जमली!

या पद्धतींनी पुष्कळ काही कळले. एक उदाहरण आपल्या विषयाला अगदी जवळचे आहे. फ्लॉवरच्या भाजीवर पडणारा एक विषाणू आहे. त्याच्या डीएनएत ‘३५एस’ नावाचा एक तुकडा आहे. तो वनस्पतीत शिरला की तिथली यंत्रणा त्याला आपलेच समजून पुढचे जनुक जोरात चालू करते. म्हणजे ही एक कळच आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात नाम-हाय च्वा यांच्या प्रयोगशाळेने १९८९ च्या सुमारास दाखवले, की तंबाखूच्या पेशीतले एक प्रथिन या तुकड्यावर ‘टीजीएसीजी’ या पाच अक्षरांपाशी येऊन बसते. विषाणूची कळ आणि ती दाबणारे बोट वनस्पतीचे! पुढे परकी जनुके वनस्पतीत घालणाऱ्यांनी हीच कळ जगभर वापरली.

पण काचेच्या नळीत एक मोठी उणीव आहे. तिथे डीएनए उघडा, मोकळा असतो आणि प्रथिन भरपूर असते. अशा एकांतात कोणीही कोणाशी जमवून घेईल. जिवंत पेशीत तसे नसते. तिथे हातभर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळून दाटीवाटीने कोंबलेला असतो. काही पाने उघडी, बहुतेक मिटलेली. नळीत बसणारे प्रथिन पेशीत त्या जागेपर्यंत पोहोचतच नसेल तर? म्हणजे नळीतला पुरावा ही शक्यता झाली, घटना नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा फरक लगेच कळतो. अमुक माणूस अमुक गावी जाऊ शकला असता आणि तो गेला होता, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून जिवंत पेशीतच ही जोडी रंगेहाथ पकडण्याची धडपड सुरू झाली. १९८४ साली गिल्मोर आणि लिस यांनी जिवंत जीवाणूंवर अतिनील किरण टाकून प्रथिन आणि डीएनए जागच्या जागी सांधले. १९८८ साली वार्शाव्स्की यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी फॉर्माल्डिहाइड वापरले. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये असतो, तेच ते रसायन. तो प्रयोग फळमाशीच्या पेशींवर होता, आणि त्यात ज्या हिस्टोन प्रथिनाचा माग काढला त्याचे नाव ‘एच४’. सुरतेच्या संकराचा हा नामबंधू! योगायोग खरा, पण मला तो वाचताना गंमत वाटली.

ही पद्धत वनस्पतीत कशी वापरतात? कोवळी पाने किंवा बिया फॉर्माल्डिहाइडच्या पातळ द्रावणात बुडवून वरची हवा पंपाने ओढून घेतात. हवा सोडली की द्रावण आत शिरते. दहा-पंधरा मिनिटांत, जे प्रथिन ज्या जागी बसले होते ते तिथेच चिकटते. छायाचित्रकार “हलू नका” म्हणतो, तसा हा क्षण. मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात पूड करायची, पेशींची केंद्रके वेगळी करायची आणि ध्वनिलहरींनी डीएनएचे काही शे अक्षरांचे तुकडे पाडायचे. पुढे, हव्या त्या प्रथिनालाच ओळखणारे प्रतिपिंड टाकून तेवढेच प्रथिन त्याच्या डीएनएसह ओढून काढायचे. शेवटी ६५ अंशांवर रात्रभर ठेवून सांधे सोडवायचे आणि हाती आलेला डीएनए वाचायचा. ‘चिप’ हे या पद्धतीचे चालू नाव. २००७ पासून या तुकड्यांचे वाचन यंत्राने एकदम लाखोंच्या संख्येने होऊ लागले आणि पेशीत एखादे प्रथिन कुठे कुठे बसले होते त्याची अख्खी यादी हातात येऊ लागली. अर्थात हे जिवंत पेशीचे चित्र असले तरी चित्र घेताना पेशी मरतेच. पेशी न मारता पाहायचे असेल तर प्रथिनाला चमकणारे शेपूट जोडून सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहण्याच्या पद्धती आहेत. पण त्यात एका जागेवरचा नेम तितका अचूक राहत नाही.

वाचायला सोपे वाटते. पण वनस्पती, आणि त्यातही कापूस, प्रयोगकर्त्याची सत्त्वपरीक्षा पाहते. वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते आणि पोटात पाण्याची मोठी पिशवी. केंद्रक त्या मानाने लहान. कापसाच्या पानांत आणि बियांत टॅनिन, गॉसिपॉल असली द्रव्ये खच्चून भरलेली. पेशी फुटली की ती सगळे काळे-तपकिरी करून डीएनएला चिकटतात. प्राण्यांच्या प्रथिनांसाठी प्रतिपिंडे विकत मिळतात, कापसाच्या प्रथिनांसाठी बहुधा नाहीत. मग प्रथिनाला ओळखीची खूण जोडलेले नवे कापसाचे झाड तयार करायचे, आणि एका पेशीपासून पूर्ण झाड उभे करायला कापसात महिनोन् महिने जातात. म्हणून पुष्कळदा तंबाखूच्या पानात काम भागवतात. नियामक प्रथिनाचे जनुक आणि काजव्यासारखा प्रकाश देणारे जनुक दोन्ही त्या पानात सोडायची. पान उजळले तर कळ दाबली गेली. पेशी जिवंत असते हे खरे, पण ती कापसाची नसते!

आणखी एक पेच आहे. आपण आज लावतो तो अमेरिकन कापूस हा स्वतःच एक जुना, निसर्गाने केलेला संकर आहे. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या कापसांची गुणसूत्रे एकत्र आली आणि २६ ची ५२ झाली. त्यामुळे बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन जवळजवळ सारख्या प्रती. हाती आलेला डीएनएचा तुकडा कुठल्या प्रतीतला, हे सांगणे कठीण. २०१५ साली या कापसाची सुमारे अडीच अब्ज अक्षरांची पोथी वाचून झाली, तेव्हा कुठे हा गुंता सुटू लागला.

तरीही काम पुढे गेले आहे. मक्याचा रंग ठरवणाऱ्या त्या मिब कुळातलेच एक प्रथिन कापसात बीच्या कातडीवरची पेशी तंतू व्हावी की नाही हे ठरवते, असे ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले. त्याचे जनुक गप्प केले की सरकी बोडकी राहते. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी ‘हॉक्स३’ या प्रथिनाचा तंतूची लांबी वाढवण्यातला हात दाखवला. म्हणजे लँकेशायरच्या कामगाराने ज्या आखूडपणाला शिव्या दिल्या, त्या प्रश्नाची एक किल्ली इथे आहे. आणि २०२० साली कापसाच्या पानांवर ‘कट अँड टॅग’ ही नवी पद्धत यशस्वी झाली. तिच्यात सांधणे नाही, ध्वनिलहरींनी फोडणे नाही. प्रतिपिंडाच्या पाठीवर बसून कात्रीच थेट त्या जागी जाते आणि जागेवर खूण करून तुकडा कापते. त्यामुळे फार थोड्या पेशींवर भागते. केंद्रके चांगली मिळणे ज्या झाडात अवघड, तिथे याचे मोल अधिक.

वाचक विचारतील, हे सगळे ठीक, पण शेतकऱ्याला त्याचे काय? आता मी मघाशी बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडे येतो.

२००१ साली गुजरातेत बोंडअळीचा मोठा हल्ला झाला आणि ‘नवभारत-१५१’ नावाचे वाण तेवढे हिरवेगार उभे राहिले. तपासात कळले की त्यात परवानगी नसलेले बीटी जनुक आहे. पुढच्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांच्या ‘महिको’ला बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांची रीतसर परवानगी मिळाली. या जनुकामुळे झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन बनवते. आणि ते जनुक चालू ठेवण्यासाठी लावलेली कळ कोणती? तीच, फ्लॉवरच्या विषाणूची ३५एस!

कंपन्या आणि त्यांचे टीकाकार दोघेही बहुधा ‘जनुक आहे की नाही’ एवढ्यावरच भांडले. पण जनुक असणे आणि चालू असणे यात फरक आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे डॉ. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मोजून दाखवले, की हे प्रथिन झाडाच्या वयाबरोबर कमी होत जाते आणि सगळ्यांत कमी असते ते बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात. म्हणजे गुलाबी बोंडअळी जिथे शिरते नेमके तिथेच! कळ तीच, जनुक तेच. पानात बोट दाबून धरते आणि बोंडात सैल पडते, असे का? त्या कळीवर डीएनएलाच रासायनिक झाकण बसते का? बोंडात ते बोटच कमी पडते का? हे प्रश्न काचेच्या नळीत सुटणारे नाहीत. ते जिवंत बोंडाच्या पेशीतच विचारावे लागतील, आणि त्यासाठीच मी वर वर्णिलेल्या पद्धती आहेत. अधिक भरवशाच्या कृत्रिम कळा रचण्याचे काम लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत राकेश तुली आणि समीर सावंत यांनी २००१ च्या सुमारासच सुरू केले होते, ही समाधानाची गोष्ट.

या प्रश्नाला सुरतेच्या वारशाची दुसरी बाजूही आहे, आणि ती कटू आहे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांत लावला गेला. आपल्याकडे तो संकरित वाणांतच आला, कारण दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागावे हे कंपन्यांच्या सोयीचे होते. संकरात बीटीचे जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. त्यामुळे शेतातल्या झाडाच्या बोंडात ज्या बिया भरतात, त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या बियांत ते जनुक उतरतच नाही. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी! अळीला जणू चाखून पाहायला ताट वाढलेले. अशाने विषाला न जुमानणाऱ्या अळ्या तगून राहायला मदत होते. २०१० साली गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नसल्याचे मोन्सँटोनेच जाहीर केले. २००६ साली आलेली दोन जनुकांची जोडीही काही वर्षांतच हतबल झाली, आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी उभ्या कपाशीत नांगर घातलेले आपण वर्तमानपत्रांत वाचले.

याचा दोष अठवा फार्मवर दोरे बांधणाऱ्या बोटांना देता येणार नाही. डॉ. पटेलांनी आपल्या काळाच्या प्रश्नाला उत्तर दिले आणि ते चोख होते. चूक झाली ती नंतर. एका पायरीवरचे ज्ञान दुसऱ्या पायरीवर जसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालण्यात. नळीत खरे ते पेशीत खरे असेलच असे नाही. पानाच्या पेशीत खरे ते बोंडाच्या पेशीत असेलच असे नाही. आणि पेशीत सिद्ध झालेले शेतातही टिकेलच, याची हमी नाही, कारण शेतात अळी असते, पाऊस असतो, बाजार असतो आणि कर्ज असते.

म्हणून मला वाटते, या तीन जागांची एकमेकींशी बोलाचाली हवी. आज चित्र उलटे आहे. पोथी वाचणारे एका शहरात, कळी बसवणारे दुसऱ्या, आणि बोंडे मोजणारे शेतात एकटे. सुरत शहराचे तर नाव आता कृत्रिम धाग्याच्या साड्यांसाठी आणि हिऱ्यांसाठी घेतले जाते. कापसाचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण शहराच्या गर्दीत अठव्याचे ते शेत अजून कापूसच पिकवते. प्रयोगशाळेने कितीही बारीक नजरेने प्रथिनाला डीएनएवर बसताना पाहिले, तरी शेवटची साक्ष अशाच एखाद्या शेतात, कोणीतरी बोंड फोडून आत अळी आहे का पाहील, तेव्हाच होणार आहे.